बेंचवरचे आठ हंगाम

बास्केटबॉल हा उंच उडणाऱ्यांचा खेळ आहे, असा एक समज आहे आणि तो पक्का करण्यात व्हिन्स कार्टरचा वाटा फार मोठा आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ओकलंडला झालेल्या डंक (उडी मारून चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबण्याच्या) स्पर्धेत चेंडू बास्केटमध्ये घातल्यावर त्याचा हात कोपरापर्यंत रिंगच्या आत गेला आणि त्या हातावर तो क्षणभर लोंबकळत राहिला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, सिडनी ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध खेळताना, समोर उभ्या असलेल्या सात फूट दोन इंच उंचीच्या फ्रेडेरिक वेसच्या डोक्यावरून तो गेला. फ्रान्समध्ये त्या झेपेला ‘मृत्यूचा डंक’ हे नाव पडलं. ही चित्रं आजही सगळीकडे दिसतात आणि ती दिसावीत, इतकी ती विलक्षण आहेत. पण कार्टर एनबीएमध्ये २२ हंगाम खेळला. तोवर कुणीही इतके हंगाम खेळलं नव्हतं. पुढे लेब्रॉन जेम्सने तो आकडा ओलांडला. या २२ हंगामांपैकी शेवटच्या आठांत, म्हणजे २०१२ ते २०२० या काळात, मोजके सामने सोडले तर तो पहिल्या पाचांत नव्हता. सामना सुरू व्हायचा तेव्हा तो बेंचवर बसलेला असायचा. माझं म्हणणं असं की, त्याच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं काम त्याने या आठ हंगामांत केलं. व्यावसायिक बास्केटबॉलपटूचं जगणं समजून घ्यायचं असेल, तर सिडनीतल्या उडीपेक्षा हीच वर्षं जास्त शिकवतात.

यासाठी आधी या व्यवसायाचा हिशेब पाहायला हवा. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि कोर्टवर एका वेळी पाच खेळाडू असतात. म्हणजे एका सामन्यात संघाकडे वाटायला २४० मिनिटं असतात. संघात नियमित करारावर साधारण पंधरा जण असतात. पहिल्या पाचांनी प्रत्येकी ३५ मिनिटं घेतली तर १७५ मिनिटं संपली. उरलेल्या ६५ मिनिटांवर दहा जणांचा उदरनिर्वाह. त्यातही काहींच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही. पगार करारात लिहिलेला असतो हे खरं, पण पुढचा करार मिळणार की नाही हे मिनिटं ठरवतात. पैशांपेक्षा मिनिटं हेच या धंद्यातलं खरं चलन आहे. एका हंगामात ८२ सामने, अर्धे परगावी, अनेकदा लागोपाठच्या दोन रात्री दोन वेगळ्या शहरांत. दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्ट, म्हणजे संघांकडून नव्या खेळाडूंची निवड, होते आणि एकोणीस-वीस वर्षांची ताजी मुलं येतात. तिशी ओलांडलेल्या खेळाडूची जागा त्यांच्यापैकी कुणाला तरी हवी असते. या रचनेत ताऱ्याचं आयुष्य हा अपवाद असतो. बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू आयुष्यभर बेंचवरून उठून काम करतात, आणि तारेसुद्धा पुरेशी वर्षं टिकले तर त्याच बेंचवर येतात. प्रश्न एवढाच की, ते तिथे बसू शकतात का.

कार्टरला तिथे बसणं अवघड जावं असंच त्याचं पहिलं आयुष्य होतं. फ्लोरिडातल्या डेटोना बीचचा हा मुलगा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तीन वर्षं खेळला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं आणि लगेच, त्याच्याच विद्यापीठातल्या अँटॉन जेमिसनच्या बदल्यात, टोरंटो रॅप्टर्सकडे पाठवलं. रॅप्टर्सचा जन्म १९९५ चा. आइस हॉकीवर जीव टाकणाऱ्या शहरातला, सतत हरणारा संघ. कार्टर त्या मोसमातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०००-०१ मध्ये सामन्यागणिक २७.६ गुणांपर्यंत पोहोचला. त्या वर्षी संघाने इतिहासातली पहिली प्लेऑफ (बाद फेरीची) मालिका जिंकली. पुढच्या मालिकेचा सातवा, निर्णायक सामना २० मे २००१ रोजी फिलाडेल्फियात होता. त्याच दिवशी सकाळी त्याच्या विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता. कार्टर सकाळी चॅपेल हिलला जाऊन समारंभात बसला आणि विमानाने सामन्याला पोहोचला. शेवटच्या दोन सेकंदांत चेंडू त्याच्याच हातात होता. फटका चुकला आणि टोरंटो ८८-८७ असा एका गुणाने हरला. त्या दिवसाबद्दल त्याला पुढे कित्येक वर्षं बोल लावला गेला. मला ती टीका कधीच पटलेली नाही. खेळाडूच्या गुडघ्याची कोणतीही शाश्वती नसते, हे माहीत असलेल्या माणसाने आपली पदवी हातात घ्यायला जाणं ही बेजबाबदारी म्हणता येणार नाही. दुसऱ्याच वर्षी त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या हंगामात त्याला फक्त ४३ सामने खेळता आले.

टोरंटोतल्या शेवटाची बाजू मात्र मी घेणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्याला न्यू जर्सी नेट्सकडे देण्यात आलं. त्या हंगामात टोरंटोसाठी खेळलेल्या २० सामन्यांत त्याची सरासरी १५.९ होती, न्यू जर्सीला गेल्यावर उरलेल्या सामन्यांत ती २७.५ झाली. शरीर तेच आणि हंगामही तोच. पुढे एका मुलाखतीत, आपण आधीच्या वर्षांत नेहमीच पूर्ण जोर लावला नव्हता, अशा अर्थाची कबुलीही त्याने दिली. टोरंटोच्या प्रेक्षकांनी त्यानंतर जवळपास दहा वर्षं, तो चेंडूला हात लावेल तेव्हा तेव्हा त्याची हुर्यो उडवली. त्यांचा राग साधार होता. ज्याच्या अंगात कसब उपजत असतं, त्याला कष्ट टाळूनही काही काळ भागवता येतं. कार्टरने ते केलं आणि ही त्याच्या कारकिर्दीतली खरी चूक होती. मी ती इथे झाकत नाही, कारण पुढचं सगळं तिच्याच संदर्भात पाहायला हवं.

न्यू जर्सीत तो पुन्हा तारा झाला. तिथल्या एकाही हंगामात त्याची सरासरी वीसच्या खाली गेली नाही. मग २००९ मध्ये ऑरलँडो, २०१० च्या डिसेंबरात फीनिक्स आणि २०११ च्या अखेरीला डॅलस. वय ३४. याच टप्प्यावर बहुतेक ताऱ्यांची कारकीर्द एक-दोन कडवट हंगामांत आटोपते. उडी कमी होते, पण डोक्यातला खेळाडू जुनाच राहतो. तो तेच फटके मागतो, तेवढीच मिनिटं मागतो, आणि संघ एक दिवस फोन करणं थांबवतो. कार्टरने डॅलसमध्ये वेगळी वाट धरली. २०१२-१३ च्या हंगामात तो ८१ सामने खेळला आणि त्यांपैकी फक्त तीन सामन्यांत पहिल्या पाचांत होता. पुढच्या वर्षी ८१ पैकी एकाही सामन्यात नाही. त्याआधीच्या सगळ्या कारकिर्दीत तो जवळपास प्रत्येक सामन्याची सुरुवात करत आला होता.

हा बदल बाहेरून दिसतो त्यापेक्षा फार खोल असतो. ताऱ्याकडे चेंडू येतो, मग तो ड्रिबल करत समोरच्याला जोखतो, आणि आक्रमण त्याच्या मर्जीने चालतं. राखीव खेळाडूला उलटं शिकावं लागतं. तो कोपऱ्यात, तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहतो. दहा-दहा वेळा चेंडू त्याच्याकडे येत नाही. अकराव्या वेळी येतो तेव्हा पावलं आधीच बास्केटच्या दिशेने वळलेली हवीत, गुडघे वाकलेले हवेत आणि पाऊण सेकंदात चेंडू हातातून सुटलेला हवा. अंग थंड पडलेलं असताना, पंचवीस मिनिटं बसून राहिल्यावर हे करायचं. बचावात आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलामागे धावायचं आणि पाय कमी पडतो तिथे आधीच योग्य जागा घेऊन ती तूट भरून काढायची. कार्टरचे अखेरच्या हंगामांतले निम्म्याहून अधिक फटके तीन गुणांच्या रेषेबाहेरून होते. जो माणूस रिंगच्या वर जाण्यासाठी ओळखला जायचा, त्याने जमिनीवर उभं राहून मारायचा फटका हाच आपला पोटापाण्याचा उद्योग केला. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर २,२९० तीन गुणांचे फटके होते आणि सर्वकालीन यादीत तो सहावा होता. एप्रिल २०१४ मध्ये सॅन अँटोनिओविरुद्धच्या प्लेऑफमध्ये १.७ सेकंद उरले असताना डॅलस दोन गुणांनी मागे होता. कोपऱ्यात चेंडू कार्टरकडे आला, समोरच्या बचावपटूला त्याने एका फसव्या हालचालीने चकवलं, फटका मारला आणि डॅलस १०९-१०८ असा जिंकला.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला बास्केटबॉल माहीत असायला हवा असं नाही. जानेवारी २००४ मध्ये सिडनीलाच सचिन तेंडुलकरने नाबाद २४१ धावा केल्या, त्या आपला आवडता कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवून. त्या खेळीबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे, कारण आपली ओळख असलेली गोष्ट स्वतःहून बाजूला ठेवायला फार मोठं धैर्य लागतं. तेंडुलकरने ते एका खेळीपुरतं केलं. पुढच्या डावात ड्राइव्ह परत येऊ शकत होता. कार्टरची उडी परत येणार नव्हती. वय झालेल्या गायकाचा आवाज तार सप्तकात पोहोचेनासा झाला की, तो मध्य सप्तकात राग मांडायला शिकतो आणि कधी कधी तिथे त्याला आधी न सापडलेलं काही सापडतं. कार्टरचं काम त्या जातीचं होतं.

हे सगळ्यांना जमतं असं नाही आणि त्याचा पुरावा कार्टरच्या समोरच उभा होता. २००१ च्या त्याच मालिकेत फिलाडेल्फियाकडून ॲलन आयव्हरसन खेळत होता. दुसऱ्या सामन्यात आयव्हरसनने ५४ गुण केले, तिसऱ्यात कार्टरने ५०, पाचव्यात आयव्हरसनने ५२. त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू आयव्हरसन ठरला. सहा फुटांच्या त्या माणसाने स्वतःच्या शरीराची जराही पर्वा केली नाही, आणि त्या काळातल्या दोघांपैकी एकालाच निवडायचं झालं तर मी त्यालाच निवडीन. २००८ मध्ये तो डेट्रॉइटला गेला. तिथे त्याला बेंचवरून यायला सांगितलं गेलं, तेव्हा असं खेळण्यापेक्षा निवृत्त होईन, असं त्याने जाहीर सांगितलं. पुढच्या हंगामात मेंफिसला तीन सामन्यांनंतर त्याच कारणावरून तो बाहेर पडला. फिलाडेल्फियाने त्याला परत बोलावलं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, तो एनबीएतला शेवटचा सामना खेळला. ज्या वयात आयव्हरसनची लीगमधली कारकीर्द संपली, जवळपास त्याच वयात कार्टरच्या दुसऱ्या कारकिर्दीला सुरुवात झाली. आयव्हरसनच्या नकाराला मी गर्व म्हणणार नाही. त्याचा सगळा खेळ चेंडू हातात असण्यावर उभा होता. चेंडूशिवाय तो कुणाला फारसा उपयोगी नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच भूमिका लहान करून घेणं हे नुसतं मन मोठं असण्याचं काम नाही. त्यासाठी दुसरं कसब आधीपासून जोपासलेलं असावं लागतं. कार्टरकडे फटका होता. २००१ च्या त्या ५० गुणांच्या सामन्यात त्याने तीन गुणांचे नऊ फटके मारले होते. बी तेव्हाचंच होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: २२ वर्षं खेळून एकही विजेतेपद नाही, अंतिम मालिकासुद्धा नाही, मग या टिकण्याला काय अर्थ? आक्षेप आकड्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. २०१० मध्ये ऑरलँडोबरोबर तो अंतिम मालिकेच्या एक पायरी अलीकडे पोहोचला, त्यापुढे कधीच नाही. पण त्याला विजेतेपदाची अंगठी हवीच असती, तर अखेरच्या वर्षांत ती मिळवायची वाट सोपी होती. एखाद्या बलाढ्य संघात किमान पगारावर जायचं, बेंचच्या टोकाला बसायचं आणि जूनमध्ये मिरवणुकीत सामील व्हायचं. कार्टरने २०१७ मध्ये सॅक्रामेंटो निवडलं, ज्या संघाने त्या हंगामात ८२ पैकी २७ सामने जिंकले. मग अटलांटा, ज्याने २९ जिंकले. तिथे त्याला सामन्यागणिक पंधरा-सतरा मिनिटं मिळत होती. जानेवारी २०१९ मध्ये त्याला ४२ वं वर्ष पूर्ण झालं आणि त्या हंगामात तो ७६ सामने खेळला. ज्याला खेळायचं आहे त्याने जिथे खेळायला मिळेल तिथे जावं, यात मला कमी महत्त्वाकांक्षा दिसत नाही. विजेतेपद पंधरा जण, प्रशिक्षक, मालक आणि बऱ्याच अंशी नशीब मिळून घडवतात. एका माणसाच्या कामाची किंमत तेवढ्या एका मापाने ठरवणं अन्यायाचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संघात जागा पंधराच. चाळिशी ओलांडलेला माणूस एक जागा अडवतो, तेव्हा बाहेर कुठे तरी एक तेवीस वर्षांचा मुलगा करारासाठी थांबलेला असतो. प्रसिद्धीसाठी संघ जुनं नाव बाळगतात, असंही म्हटलं जातं, आणि काही वेळा ते खरंही असतं. कार्टरच्या बाबतीत मात्र सहकाऱ्यांचं मत नोंदलेलं आहे. २०१६ मध्ये, सॅक्रामेंटोच्या आधी मेंफिसकडून खेळताना, त्याला ट्वायमन-स्टोक्स पुरस्कार मिळाला. लीगमधल्या सर्वोत्तम सहकाऱ्याचा हा पुरस्कार स्वतः खेळाडूंच्या मतांवर ठरतो. (ज्या दोघांच्या नावाने तो दिला जातो त्यांपैकी मॉरिस स्टोक्स १९५८ मध्ये सामन्यातल्या पडण्यानंतर कायमचा लुळा झाला आणि त्याचा सहकारी जॅक ट्वायमन त्याचा पालक बनून त्याचा सांभाळ करत राहिला.) ज्या व्यवसायात शेजारी बसलेला माणूस तुमच्या मिनिटांचा स्पर्धक असतो, तिथे हे मत सहज पडत नाही. शिवाय अटलांटात त्याच्या भोवतीची मुलं कोण होती हेही पाहा. संघाची धुरा ट्रे यंगवर होती आणि यंगचा जन्म सप्टेंबर १९९८ चा. कार्टरला ड्राफ्टमध्ये निवडलं गेलं त्यानंतर तीन महिन्यांनी जन्मलेला. अशा मुलांना ८२ सामने कसे पेलायचे, प्रवासाच्या रात्री झोप कशी जपायची, सलग दहा सामने हरल्यावर अकराव्याची तयारी कशी करायची, हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. जो रोज ते करतो त्याच्या शेजारी बसूनच ते शिकलं जातं. बाहेर थांबलेल्या त्या एका मुलाचं नुकसान होतं, हे मी नाकारत नाही. संघातल्या अनेकांना मिळणारं मोल त्याहून मोठं असतं, असं माझं मत आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा, तो थोडक्यात आटोपतो. अटलांटात तो अनुभवी खेळाडूंसाठी लीगने ठरवलेल्या किमान पगारावर खेळला. तारा म्हणून मोठे करार आधीच पदरात पडलेल्या माणसाने त्या रकमेसाठी हिवाळ्यात पहाटे दोन वाजता दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात उतरावं, यामागे पैसा हे कारण असणं मला शक्य वाटत नाही.

टोरंटोशी असलेला जुना हिशेबही याच बेंचवरच्या वर्षांत फिटला. १९ नोव्हेंबर २०१४ ला तो मेंफिसचा राखीव खेळाडू म्हणून टोरंटोत आला होता. मोठ्या पडद्यावर त्याच्या जुन्या खेळाची चित्रफीत दाखवली गेली, दहा वर्षं हुर्यो उडवणारं सभागृह उभं राहिलं आणि कार्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर कॅनडात एक पिढी तयार झाली होती. २०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षी ड्राफ्टमधली पहिली निवड टोरंटो परिसरात वाढलेल्या मुलांची होती, अँथनी बेनेट आणि अँड्रू विगिन्स. २०२३ च्या विश्वचषकात कॅनडाला कांस्य मिळालं. याचं सगळं श्रेय एका माणसाला देणं चुकीचं ठरेल; स्थलांतरितांची वस्ती आणि तिथले प्रशिक्षक यांचा वाटा त्यात मोठा आहे. पण हॉकीच्या देशात मुलांच्या हाती हा चेंडू देण्यात कार्टरच्या त्या पहिल्या वर्षांचा हात होता, हे तिथले खेळाडूच सांगतात. पहिल्या वर्षांनी त्याने तिथलं प्रेम मिळवलं आणि गमावलं. ते परत मिळालं, कारण तो खेळत राहिला. कार्टर २००६ मध्येच निवृत्त झाला असता, तर टोरंटोने त्याला आपल्या सभागृहात परत बोलावलं असतं का, याची मला दाट शंका आहे. २ नोव्हेंबर २०२४ रोजी रॅप्टर्सने त्याची १५ क्रमांकाची जर्सी छताला टांगली. त्या संघाने कायमचा राखून ठेवलेला तो पहिलाच क्रमांक होता.

११ मार्च २०२० च्या रात्री अटलांटात न्यूयॉर्क निक्सविरुद्ध सामना सुरू असताना बातमी आली की, एका खेळाडूला कोरोनाची लागण झाल्याने लीग हंगाम थांबवत आहे. सामना जादा वेळेत गेला. प्रेक्षक कार्टरच्या नावाचा पुकारा करत होते. अखेरच्या मिनिटात प्रशिक्षकांनी त्याला बेंचवरून उठवलं. १९.५ सेकंद उरले असताना त्याच्याकडे चेंडू आला आणि त्याने रेषेबाहेरून फटका मारला. तीन गुण. अटलांटा तो सामना १३६-१३१ असा हरला. उन्हाळ्यात लीगने हंगाम पुरा करण्यासाठी २२ संघांना ऑरलँडोला बोलावलं. अटलांटा त्यांत नव्हतं. तो कार्टरचा १,५४१ वा आणि शेवटचा सामना ठरला.